तीन हिरवे दिवे : प्रवासी जेट विमानांतील लँडिंग गिअर इशारा यंत्रणेचा ऐतिहासिक अभ्यास

प्रास्ताविक

विमान वाहतुकीचा इतिहास साधारणपणे वेग, उंची व प्रवाशांची संख्या यांच्या वाढत्या आकड्यांतून सांगितला जातो. विमानाच्या कॉकपिटमध्ये असलेल्या एखाद्या लहान दिव्याचा किंवा भोंग्याचा इतिहास मात्र सहसा लिहिला जात नाही. प्रत्यक्षात या क्षुल्लक वाटणाऱ्या वस्तूंमध्ये माणूस आणि यंत्र यांच्या परस्परसंबंधांचा मोठा इतिहास साठविलेला असतो. प्रवासी जेट विमानाची चाके, म्हणजेच लँडिंग गिअर, खाली येऊन पक्की बसली आहेत किंवा नाहीत, हे वैमानिकाला सांगणारी इशारा यंत्रणा हे याचे उत्तम उदाहरण होय.

वरवर पाहता प्रश्न अगदी सोपा आहे. चाके खाली असतील तर हिरवा दिवा लागावा, नसतील तर भोंगा वाजावा. परंतु गेल्या सुमारे नव्वद वर्षांचा अनुभव असा की, दिवा लागला नाही म्हणून माणसे दगावली, तेव्हा चाके खाली होती. आणि इशारे वाजत राहिले तरी विमान चाकांविना धावपट्टीवर टेकले, तेव्हा ते इशारे खरे होते. हा विरोधाभास कसा निर्माण झाला, आणि प्रत्येक टप्प्यावर यंत्रणेत व विचारात कोणते बदल झाले, याचा शोध घेणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे. त्यासाठी अधिकृत अपघात चौकशीतून ज्यांची कारणमीमांसा झाली आहे अशा निवडक घटनांचा कालक्रमाने विचार केला आहे.

१. विस्मरणाचा प्रश्न आणि पहिला भोंगा

विमानोड्डाणाच्या पहिल्या दोन-अडीच दशकांत बहुसंख्य विमानांची चाके स्थिर असत. त्यामुळे ती खाली घेण्यास विसरण्याचा प्रश्नच उद्भवत नव्हता. १९३३ मध्ये आलेले बोइंग २४७ आणि १९३५ च्या डिसेंबरात प्रथम उडालेले डग्लस डीसी-३ यांसारख्या विमानांमुळे आत ओढून घेता येणारी चाके प्रवासी वाहतुकीत रूढ झाली. हवेचा विरोध कमी झाला, वेग वाढला, इंधन वाचले. परंतु या सोयीबरोबर वैमानिकाच्या स्मरणशक्तीवर एक नवे ओझेही आले. विशेष म्हणजे डीसी-३ ची चाके वर घेतल्यावरही अंशतः बाहेर राहत असल्याने चाके न उघडता टेकलेल्या विमानाचे नुकसान तुलनेने कमी होई. पुढील पिढ्यांतील विमानांना ही सवलत राहिली नाही.

याच काळात दुसरी एक महत्त्वाची घटना घडली. ३० ऑक्टोबर १९३५ रोजी अमेरिकेतील राइट फील्ड येथे बोइंगचे मॉडेल २९९ हे बॉम्बफेकी विमान उड्डाण करताच कोसळले. शेपटीकडील नियंत्रणांना जमिनीवर असताना लावलेला अडसर काढण्याचे राहून गेले होते. कुशल वैमानिकही साधी गोष्ट विसरू शकतो, हे या अपघाताने दाखवून दिले आणि त्यातून लेखी तपासणी यादीची प्रथा रुजली. चाके खाली घेणे व ती पक्की झाल्याची खात्री करणे ही बाब या यादीत कायमची समाविष्ट झाली.

यादीला जोड म्हणून भोंगा आला. त्यामागील तर्क सरळ होता. उतरताना वैमानिक इंजिनांची शक्ती कमी करतो. म्हणून थ्रॉटल मागे ओढलेले असतील आणि चाके खाली नसतील, तर भोंगा वाजवावा. विस्मरणावरील हा उपाय स्वस्त व परिणामकारक होता. परंतु त्यात एक मूलभूत उणीव होती. थ्रॉटल मागे घेणे म्हणजे दर वेळी उतरणेच असते असे नाही. उंचावरून खाली येताना किंवा वेग कमी करतानाही शक्ती कमी करावी लागते आणि तेव्हाही भोंगा वाजे. तो बंद करण्यासाठी बटण देण्यात आले, आणि बटण दाबण्याची सवयही लागली. चाके वर असल्याचे नियंत्रण मनोऱ्याने ओरडून सांगितले, तेव्हा ‘भोंग्याच्या आवाजात तुमचे बोलणे ऐकू आले नाही’ असे उत्तर देणाऱ्या वैमानिकाची दंतकथा विमानक्षेत्रात अनेक पिढ्या सांगितली जात आहे. विनोदाचा भाग सोडला तरी तिच्यातील निरीक्षण मार्मिक आहे: सतत वाजणारा इशारा हळूहळू पार्श्वभूमीचा भाग बनतो.

२. हाताला कळणारी भाषा

दुसऱ्या महायुद्धाच्या काळात प्रश्नाचे आणखी एक अंग पुढे आले. बी-१७ सारख्या विमानांत उतरल्यानंतर फ्लॅप आत घेण्याऐवजी वैमानिक चाकेच आत घेत असल्याच्या घटना वारंवार घडत होत्या. विमान धावपट्टीवर सुखरूप टेकलेले असताना पोटावर बसत असे. वैमानिकांची चूक म्हणून या घटनांची नोंद होई.

अमेरिकी लष्करी हवाई दलाच्या एरो मेडिकल लॅबोरेटरीतील मानसशास्त्रज्ञ अल्फोन्स चपॅनिस यांनी या नोंदीवर समाधान मानले नाही. दोन्ही नियंत्रणे जवळजवळ असून दिसायला व हाताळायला सारखीच आहेत, हे त्यांनी निदर्शनास आणले. ज्या विमानांत ती तशी नव्हती तेथे हा प्रकार आढळत नव्हता. त्यांनी सुचविलेला उपाय अत्यंत साधा होता. चाकांच्या नियंत्रणाला लहानसे रबरी चाक आणि फ्लॅपच्या नियंत्रणाला पाचरीसारखा आकार बसविण्यात आला. डोळे बाहेर असले तरी बोटांना फरक कळू लागला. पुढे १९४७ मध्ये पॉल फिट्स व रिचर्ड जोन्स यांनी वैमानिकांच्या चुकांच्या ४६० अनुभवांचे विश्लेषण प्रसिद्ध केले. त्यांतील जवळजवळ निम्म्या चुका एका नियंत्रणाऐवजी दुसरे वापरण्याच्या होत्या.

या संशोधनाचे ऐतिहासिक महत्त्व चाकाच्या आकारापुरते मर्यादित नाही. ‘चूक कोणाची?’ या प्रश्नाऐवजी ‘चूक घडणे इतके सोपे का झाले?’ हा प्रश्न त्याने विचारला. आजही प्रवासी जेट विमानात चाकांच्या तरफेची मूठ चाकाच्या आकाराची असते. अमेरिकेच्या वाहतूक श्रेणीतील विमानांच्या नियमावलीत, कलम २५.७८१ अन्वये, ती तशी असणे बंधनकारक आहे. म्हणजे युद्धकाळातील एका मानसशास्त्रीय निरीक्षणाला पुढे कायद्याचे स्वरूप प्राप्त झाले.

३. जेट युगातील यंत्रणेची रचना

१९५२ मध्ये डी हॅविलँड कॉमेट आणि १९५८ मध्ये बोइंग ७०७ नियमित सेवेत आल्यावर जुना भोंगा अपुरा पडू लागला. जेट विमान तीस-पस्तीस हजार फुटांवरून खाली येताना बराच काळ इंजिने मंद ठेवते. केवळ थ्रॉटलच्या स्थितीवर विसंबणारा भोंगा अशा वेळी निरर्थक वाजत राहील. म्हणून इशारा देण्यापूर्वी यंत्रणेने ‘हे विमान खरोखरच उतरत आहे काय?’ हे ठरविणे आवश्यक झाले. त्यासाठी तीन साक्षी एकत्र आणण्यात आल्या: इंजिनांची शक्ती, फ्लॅपची स्थिती आणि रेडिओ उंचीमापकाने दिलेली जमिनीपासूनची उंची.

बोइंग ७३७ मधील रचना या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. फ्लॅप थोडेच उघडलेले असतील तर उंची कमी झाल्यावर व शक्ती घटविल्यावर भोंगा वाजतो, आणि काही मर्यादेपर्यंत तो बटणाने थांबविता येतो. फ्लॅप अधिक उघडल्यावर मात्र भोंगा थांबविण्याची मुभा राहत नाही. फ्लॅप उतरण्याच्या अंतिम स्थितीत असतील, तर इंजिनांची शक्ती कितीही असली तरी चाके पक्की होईपर्यंत भोंगा वाजतच राहतो. हेतूची खात्री जसजशी वाढते, तसतसा यंत्राचा आग्रहही वाढतो, असे या रचनेचे सूत्र सांगता येईल.

नियमावलीतील कलम २५.७२९ मध्ये हेच तत्त्व आढळते. चाके पक्की नसताना उतरण्याचा प्रयत्न झाल्यास सतत अथवा पुन्हा पुन्हा मिळणारा ध्वनिइशारा असावा. चाके खाली घेण्यास किंवा पुन्हा वर उड्डाण घेण्यास पुरेसा अवधी राहील इतक्या आधी तो मिळावा. आणि केवळ प्रतिक्षिप्त क्रियेने वा सवयीने बंद करता येईल असे बटण वैमानिकाच्या सहज हाताशी नसावे, अशी तरतूद त्यात आहे. शेवटची अट वाचताना जुन्या भोंग्याच्या बटणाची आठवण झाल्यावाचून राहत नाही.

इशाऱ्याचे मूळ मात्र चाकांजवळील संवेदकात असते. आरंभी तेथे यांत्रिक मायक्रोस्विच असत. चाकाचा अडसर जागेवर बसला की खटका दाबला जाई आणि दिव्याचा विद्युत्परिपथ पूर्ण होई. ओल, धूळ, बर्फ व हादरे यांना तोंड देणारा हा खटका बिघडण्याची शक्यता असे. पुढे धातूचा तुकडा जवळ आल्याचे स्पर्शाविना ओळखणारे प्रॉक्सिमिटी संवेदक आले. १९८८ मध्ये सेवेत आलेल्या एअरबस ए-३२० मध्ये चाकांचे नियंत्रण व निरीक्षण करणारे दोन स्वतंत्र संगणक असून, चाके वर घेण्याच्या प्रत्येक आवर्तनानंतर काम एकाकडून दुसऱ्याकडे जाते. त्यामुळे राखीव संगणक बिघडूनही तो बिघाड लपून राहण्याची शक्यता कमी होते.

याला आणखी एक आवाज येऊन मिळाला. डॉन बेटमन या अभियंत्याच्या कार्यातून विकसित झालेली भूसान्निध्य इशारा यंत्रणा अमेरिकी विमान वाहतूक प्रशासनाने डिसेंबर १९७४ मध्ये मोठ्या प्रवासी जेट विमानांसाठी सक्तीची केली. चाके वर असताना विमान जमिनीच्या फार जवळ आले तर ‘टू लो, गिअर’ असे शब्दच ती उच्चारते. भोंगा केवळ ‘काहीतरी चुकले आहे’ एवढेच सांगत होता. आता काय चुकले तेही ऐकू येऊ लागले.

४. न लागलेला दिवा : मायामी, १९७२

२९ डिसेंबर १९७२ च्या रात्री ईस्टर्न एअर लाइन्सचे लॉकहीड ट्रायस्टार, उड्डाण क्रमांक ४०१, न्यूयॉर्कहून मायामीला पोहोचत होते. चाके खाली घेतल्यावर पुढील चाकाचा हिरवा दिवा लागला नाही. वैमानिकांनी उतरणे स्थगित केले, विमान २,००० फुटांवर नेऊन स्वयंचलित नियंत्रणावर ठेवले आणि दिव्याकडे लक्ष वळविले. दिव्याचा संच काढून परत बसविताना तो अडकला. फ्लाइट इंजिनिअर चाकाची स्थिती प्रत्यक्ष पाहण्यासाठी कॉकपिटखालील उपकरणकक्षात उतरला. दरम्यान स्वयंचलित नियंत्रणाचा उंची कायम राखणारा भाग नकळत सुटला आणि विमान अत्यंत मंद गतीने खाली येऊ लागले. ठरलेली उंची सुटल्याची सूचना देणारा लहानसा नाद इंजिनिअरच्या जागेवरून वाजला. परंतु त्याकडे कोणाचेच लक्ष गेले नाही. रात्री ११ वाजून ४२ मिनिटांनी विमान एव्हरग्लेड्सच्या दलदलीत कोसळले. विमानातील १७६ पैकी १०१ जणांचा मृत्यू झाला.

चौकशीत आढळले की पुढील चाक खाली होते व पक्केही होते. दिव्याच्या संचातील दोन्ही बल्ब जळाले होते. एक गेला तरी दुसरा राहील, या हिशोबाने ठेवलेली जोडी एकत्र निकामी झाली होती. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने अपघाताचे संभाव्य कारण म्हणून अखेरच्या चार मिनिटांत उड्डाण-उपकरणांकडे झालेले दुर्लक्ष नोंदविले आणि चाकाच्या दर्शक यंत्रणेतील बिघाडात सर्वांचे लक्ष गुंतल्याचा स्पष्ट उल्लेख केला.

येथे इशारा यंत्रणेच्या इतिहासाला कलाटणी मिळते. तोवर भीती होती ती विस्मरणाची. येथे कोणीही काही विसरले नव्हते. उलट, एका बाबीचे भान इतके तीव्र झाले की बाकी सर्व भान हरपले. शिवाय हिरवा दिवा न लागण्याचे दोन अर्थ संभवतात: चाक खाली नाही, किंवा दिवाच नादुरुस्त आहे. या दोहोंतील फरक तो दिवा स्वतः सांगू शकत नव्हता.

५. संपलेले इंधन : पोर्टलंड, १९७८

जवळजवळ सहा वर्षांनी, २८ डिसेंबर १९७८ रोजी, युनायटेड एअरलाइन्सचे डीसी-८, उड्डाण क्रमांक १७३, अमेरिकेतील पोर्टलंड येथे उतरणार होते. चाके खाली घेताना जोराचा धक्का बसला. गंजामुळे कमकुवत झालेला एक जोड तुटल्याने उजवे मुख्य चाक वेगाने खाली पडले आणि त्या आघातात त्याच्या दर्शकाचा स्विच निकामी झाला. चाक पक्के बसले. पण त्याचा हिरवा दिवा लागला नाही. या विमानात पंखांवर यांत्रिक दर्शकही होते आणि चाके खाली असल्याचेच ते दाखवीत होते. तरीही कॅप्टनने प्रवाशांना आपत्कालीन अवतरणासाठी तयार करण्यात सुमारे एक तास घालविला. इंधन कमी होत असल्याचे सहवैमानिक व फ्लाइट इंजिनिअर सूचित करीत होते. मात्र त्यांच्या बोलण्याला आवश्यक ती धार नव्हती आणि कॅप्टनच्या मनाचा दरवाजा दुसऱ्याच काळजीने अडविलेला होता. एकामागून एक इंजिने बंद पडली आणि विमान विमानतळापासून सुमारे सहा मैलांवर कोसळले. १८९ पैकी १० जण मृत्युमुखी पडले.

या अपघातानंतरचा बदल यंत्राहून अधिक माणसांच्या व्यवहारात झाला. १९७९ मध्ये नासाने कॉकपिटमधील साधनसंपत्तीच्या वापरावर कार्यशाळा घेतली आणि १९८१ मध्ये युनायटेड एअरलाइन्सने तशा स्वरूपाचे प्रशिक्षण सुरू केले. यालाच पुढे ‘क्रू रिसोर्स मॅनेजमेंट’ असे नाव रूढ झाले. कनिष्ठाने शंका स्पष्ट शब्दांत मांडावी, वरिष्ठाने ती ऐकावी, आणि बिघाडाचा शोध सुरू असताना एकाने केवळ विमान चालविण्याकडेच लक्ष द्यावे, ही त्याची मुख्य सूत्रे होत. इशारा देणारा घटक केवळ दिवा किंवा भोंगा नसतो. शेजारी बसलेला सहकारीही असतो, याची ही औपचारिक मान्यता होती.

६. ऐकू आलेला, पण न पोहोचलेला इशारा

१९ फेब्रुवारी १९९६ रोजी ह्यूस्टन येथे कॉन्टिनेंटल एअरलाइन्सचे डीसी-९ चाकांविना उतरले. हायड्रॉलिक दाब वाढविण्याची यादीतील पायरी राहून गेल्याने तरफ खाली करूनही चाके व फ्लॅप हलले नाहीत. वैमानिकांचे लक्ष फ्लॅपच्या अडचणीत गुंतले होते; भोंगा वाजूनही चाकांची खात्री केली गेली नाही. सुदैवाने प्राणहानी झाली नाही.

ध्वनीच्या अर्थाचा प्रश्न १४ ऑगस्ट २००५ च्या हेलिओस एअरवेजच्या अपघाताने अधिक गंभीरपणे पुढे आणला. त्याचा चाकांशी संबंध नव्हता. परंतु त्या बोइंग ७३७ मध्ये एकच खंडित भोंगा दोन कामे करीत होता. जमिनीवर तो उड्डाणाची सिद्धता अपुरी असल्याचे, तर हवेत केबिनमधील हवेचा दाब घटल्याचे सांगत असे. वैमानिकांनी पहिलाच अर्थ घेतला, आणि १२१ जणांचा बळी गेला. पुढे ७३७ विमानांत या दोन इशाऱ्यांसाठी स्वतंत्र दिवे बसविण्यात आले.

२२ मे २०२० रोजी लाहोरहून कराचीला आलेले पाकिस्तान इंटरनॅशनल एअरलाइन्सचे ए-३२०, उड्डाण क्रमांक ८३०३, हे या मालिकेतील सर्वांत क्लेशकारक उदाहरण म्हणावे लागेल. विमान अपेक्षेपेक्षा बरेच उंचावर व अतिवेगात होते. खाली घेतलेली चाके धावपट्टी जवळ आली असताना पुन्हा वर घेतली गेली. अतिवेगाचा, चाके खाली नसल्याचा आणि भूसान्निध्याचा, असे सर्व इशारे मिळत होते. त्यांची दखल घेतली गेली नाही. विमान इंजिनांवर घासत गेले व पुन्हा हवेत उचलले गेले. थोड्याच वेळात दोन्ही इंजिने निकामी होऊन ते विमानतळालगतच्या वस्तीवर कोसळले. विमानातील ९९ पैकी ९७ जणांचा आणि जमिनीवरील एका व्यक्तीचा मृत्यू झाला.

या ठिकाणी केवळ ‘दुर्लक्ष’ म्हणून थांबणे अभ्यासकाला परवडणारे नाही. एअरबसच्या या विमानात तातडीच्या बहुतेक लाल इशाऱ्यांसाठी एकच पुन्हा पुन्हा वाजणारी घंटा असते. अतिवेगाचा इशारा आधीपासून वाजत असताना त्याच आवाजात चाकांचा इशारा आला, तर कानाला नवे काही कळत नाही. फरक पडद्यावरील अक्षरांत शोधावा लागतो, आणि घाईत असलेले मन नेमके तेच टाळते. वैमानिकांची जबाबदारी याने कमी होत नाही. परंतु अनेक इशारे एकत्र आले की प्रत्येकाचे वजन घटते, हा भोंग्याच्या काळातील जुना धडा येथे पुन्हा दिसतो.

७. यंत्रणेचे मौन

इशारा कशाचा द्यायचा याची निवडही ऐतिहासिक असते. जुलै २०१७ मध्ये कोलकात्याहून मुंबईकडे निघालेल्या एका ए-३२० विमानाची चाके उड्डाणानंतर वर घेण्याचेच राहून गेले. हवेच्या वाढलेल्या विरोधामुळे विमान संथ व खाली राहिले, इंधन वेगाने संपू लागले आणि अखेर ते नागपूरला वळवावे लागले. चाके खाली न घेणे हे तत्काळ घातक. म्हणून त्यासाठी भोंगा, दिवे व वाणी यांची योजना झाली. चाके वर घ्यायचे राहून जाणे मात्र त्या तोडीच्या इशाऱ्यास पात्र ठरले नव्हते. तेथे तीन हिरवे दिवे लागलेलेच होते. पण ज्याने पाहायचे त्याला त्यात काही वावगे वाटले नाही. दिव्याचा रंग तोच राहूनही प्रसंगानुसार त्याचा अर्थ बदलतो, हे यावरून स्पष्ट होते.

निष्कर्ष

प्रस्तुत विवेचनातून पुढील निष्कर्ष काढता येतात.

१) लँडिंग गिअर इशारा यंत्रणेचा विकास विस्मरण, संभ्रम, अतिअवधान आणि इशाऱ्यांची गर्दी अशा चार वेगवेगळ्या मानवी मर्यादांना दिलेल्या प्रतिसादांतून झाला. एका मर्यादेवरील उपाय दुसरीला पुरेसा ठरला नाही.

२) १९७२ व १९७८ च्या दोन्ही अपघातांत चाके सुस्थितीत खाली होती. दोष दर्शकात होता, आणि त्या दोषाला मिळालेला प्रतिसाद प्राणघातक ठरला. म्हणून इशारा यंत्रणेची विश्वासार्हता ती नेमाने वाजते किंवा नाही यावरच नव्हे, तर ती स्वतःविषयी शंका घेण्यास वाव देते किंवा नाही यावरही मोजली पाहिजे.

३) ‘वैमानिकाची चूक’ हा चौकशीचा शेवट नसून आरंभ असतो, हे चपॅनिस यांच्या कार्यापासून क्रू रिसोर्स मॅनेजमेंटपर्यंतच्या परंपरेने दाखवून दिले. जेथे हा विचार स्वीकारला गेला तेथे सुधारणा झाली.

४) तंत्रज्ञान कितीही प्रगत झाले तरी इशारा हा निर्णय नसतो, तो केवळ साक्षीदार असतो. त्याची साक्ष ऐकणे, तपासणे आणि वेळेत कृती करणे हे काम अखेर माणसाकडेच राहते.

प्रवासी विमान धावपट्टीवर टेकते तेव्हा होणारा चाकांचा हलका धक्का प्रवाशाच्या फारसा ध्यानातही राहत नाही. त्या धक्क्यामागे एक रबरी चाक, दोन जळालेले बल्ब, एक गंजलेला जोड आणि शेकडो माणसांचे प्राण यांचा इतिहास उभा आहे. तंत्रज्ञानाचे अध्ययन व अध्यापन करताना यंत्राच्या रचनेबरोबर हा इतिहासही विद्यार्थ्यांसमोर ठेवणे आवश्यक आहे; कारण पुढील काळातील नवे भोंगे आणि नवे दिवे त्यांनाच घडवायचे आहेत.